भिकुबाई बोलली, त्यानंतर

गिरणेकाठच्या त्या गावात सरकारी दवाखाना होता, पण भिल्ल वस्तीतल्या बायांना व्हरांड्यातच तपासायचे. भिकुबाईची सून लता ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथल्या फरशीवरच बाळंत झाली. आत खाट रिकामी होती. मूल वाचलं नाही.

त्र्याण्णव साली भडगावला तालुक्याच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी निरोप धाडला, गावचा दवाखाना कसा चालतो ते लोकांनीच सभेत सांगायचं, वस्तीतल्या बायांनी तर यायचंच.

सभेच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडर मोतीलालने रस्त्यात सायकल थांबवली. "भिकुबाई, उद्या सभेला जातेस म्हणे. जा की. सुनेचे दिवस पुन्हा भरत आलेत ना?"

तो हसत होता. भिकुबाईने घर गाठलं आणि ते सांगितलं.

नवरा वना म्हणाला, "तू काही बोलू नको. लताले तठेच लई जानं शे." बाळंतपणाला लताला त्याच दवाखान्यात न्यायचं होतं.

सभेत ती भिंतीला टेकून बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पण कुणी तोंड उघडेना. मोतीलाल समोरच खुर्चीवर होता. तेवढ्यात शेजारी बसलेली लता पोट सावरत उठू लागली. ही बोलली तर हिचं काही खरं नाही! भिकुबाईने तिला खाली ओढलं आणि स्वतःच उभी राहिली.

"मनी सून फरशीवर बाळंत व्हयनी, बाई. खाट रिकामी व्हती. दार कोनी उघाडं नही."

मग शेजारची यशोदाबाई बोलली, तिच्यामागून आणखी बाया. शेवटी ठरलं, दवाखान्यावर गावाची समिती देखरेख ठेवील आणि तिच्यात भिकुबाई असेल. मोतीलाल डूख धरेल या भीतीने वस्तीत त्या दिवशी कुणीच धड जेवलं नाही. सायकलची घंटी वाजली की भिकुबाई दचकायची.

बाजाराच्या दिवशी दुपारी लताला कळा सुरू झाल्या. बैलगाडी दवाखान्याशी थांबली तेव्हा मोतीलाल दारात उभा होता.

"नर्सबाई जेवताहेत. थांबा."

गाडीमागून वस्तीतल्या बाया चालत आल्या होत्या. त्या दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

लताला खाटेवर घेतलं. दार पुन्हा लावतील या धास्तीने भिकुबाई उंबऱ्यातच बसून राहिली. मूल रडलं तरी तिला उठवेना.

"बाई, जित्तं शे ना?"

"रडतंय, ऐकू येत नाही का?" नर्स म्हणाली.

ऐकू येत होतं. तरी तिने पुन्हा विचारलं.