पाठीवरचा हक्क

पहाटे साडेपाचला जळगावात पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत धप, धप, धप असा आवाज सुरू झाला की शेजारची रईसा चहाचं आधण ठेवायची आणि समोरचा कौतिक दुधाच्या किटल्या गाडीला अडकवायचा. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला पहिले दोन दिवस वाटायचं, कोणी गोधडी बडवतंय. मग कोणीतरी सांगायचं, अहो, त्या यशोदाबाई. नवऱ्याची पाठ बडवतात.

लोटनभाऊंना तिशीत टीबी झाला होता. औषधांनी तो बरा झाला, पण जाताना डाव्या फुप्फुसाच्या खालच्या नळ्या ढिल्या करून गेला. त्या नळ्यांत रात्रभर कफ साठायचा. सकाळी तो काढला नाही तर दिवसभर छातीत घरघर, चौथ्या दिवशी ताप आणि मग दवाखाना. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका दवाखान्यात एका नर्सने यशोदाबाईंना शिकवलं होतं: माणसाला उजव्या कुशीवर निजवायचं, कमरेखाली उशी द्यायची, तळवे ओंजळीसारखे वाकवायचे आणि डाव्या बरगड्यांवर खालून वर थापटत जायचं. तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती. बाई आखाजीच्या सणालाही माहेरी पारोळ्याला गेल्या नाहीत. लेक दिपमाला बाळंतपणाला इकडेच आली, कारण आई हलणार नव्हती.

"माझं काय बाई, मला कुठे जाता येतं? यांचा कफ माझ्या हाताशिवाय सुटतच नाही," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. तक्रारीचा सूर असायचा, पण ऐकणाऱ्याने जरा निरखून पाहिलं असतं तर बाई बोलताना पदर सावरून ताठ बसतात, हे त्याच्या लक्षात आलं असतं. सरपंचीणबाईसुद्धा इतक्या ताठ बसत नसतील.

या सगळ्यात माशी शिंकली ती फेब्रुवारीत. छातीच्या डॉक्टरांकडे दर मंगळवारी धुळ्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. सारिका तिचं नाव. वय तेवीस-चोवीस, पाठीला सॅक, पायात बूट. तिने लोटनभाऊंना खुर्चीत ताठ बसवलं. आधी साधे श्वास. मग पोट फुगेपर्यंत खोल श्वास, तीन मोजेपर्यंत धरायचा. मग तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' करून बाहेर सोडायचा, चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतो तसा.

"लगेच खोकायचं नाही, काका. खोकून खोकून नुसती दमछाक होते. या श्वासाने कफ आधी वर आणायचा आणि वर आला की मग एकदाच खोकायचं. आधी कोमट पाणी प्या, वाफेचं मशीन लावा, पातळ होईल तो."

इथवर ठीक होतं. पण मग ती कार्टी यशोदाबाईंकडे वळून गोड हसून म्हणाली, "काकू, काकांना हे जमलं की तुम्ही सुटलात. तुमची रोज गरजच पडणार नाही."

यशोदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सुटलात? कोणी सांगितलं होतं हिला सोडवायला? तेवढ्यात लोटनभाऊंनी एक 'हाऽऽ' केला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतःच्या पदराने ते पाणी पुसलं. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "पोर चांगली शे. पन तुमनी छाती तिले काय माहीत?"

लोटनभाऊंनी मान डोलावली. विषय संपला, असं बाई धरून चालल्या.

उन्हं तापायला लागली तसं मात्र काहीतरी बिनसलं. सकाळच्या स्टीलच्या वाटीत पूर्वी तळ झाकून वर चढेल इतका कफ पडायचा, आता जेमतेम दोन बेडके पडायचे. रंग पांढुरका, म्हणजे चांगला. ताप नव्हता. दुसरी कोणी असती तर देवाला नारळ फोडला असता. यशोदाबाई धास्तावल्या. कफ गेला कुठे? आत अडला की काय? की आपल्या हातातला जोर सरला? त्यांनी आणखी जोरात थापटायला सुरुवात केली. उजवा खांदा कधीपासून ठणकत होता, तो आता रात्री झोपू देईना. पण खांदा दुखतो म्हटलं की लोक म्हणणार, बाई थकली, आता त्या पोरीचं ऐका. म्हणून त्या दिवा घालवल्यावर अंधारात गुपचूप तेल चोळायच्या आणि नवरा घोरतोय की नाही याची आधी खात्री करून घ्यायच्या.

अशात लोटनभाऊंनी बॉम्ब टाकला. ते एसटीतले जुने कंडक्टर. धुळ्यात जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा मेळावा होता आणि ज्याच्या गाडीवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली तो रतिलाल ड्रायव्हर त्यांना दोन रात्री घरी राहायला बोलावत होता.

"एकटे?" यशोदाबाईंनी विचारलं. "आन सकाये? कोन मारी तुमनी पाठ तठे?"

"मी करी लिसू काहीतरी," लोटनभाऊ ताटातल्या भाकरीकडे बघत म्हणाले.

काहीतरी! अकरा वर्षांत जो माणूस सख्ख्या बहिणीकडे एक रात्र राहिला नाही, तो म्हणतो काहीतरी करेन. आणि कुठे, तर धुळ्याला. धुळ्याहून कोण येतं, हे यशोदाबाईंना कोणी सांगायला नको होतं. नवऱ्याचं वय सदुसष्ट, वजन पंचेचाळीस किलो, जिना चढला की धाप. अशा माणसावर असला संशय घ्यायलाही काळीज लागतं. यशोदाबाईंकडे ते भरपूर होतं. त्या रात्री त्यांना डोळ्यांसमोर सारखी ती पाठ दिसत होती, तिच्यावरचा खांद्याखालचा तीळ, वर आलेल्या बरगड्या, आणि त्या बरगड्यांवर दोन तरणे, गोरे, बांगडी नसलेले हात.

त्यात रईसाने तेल ओतलं. तिचा स्वभाव चांगला, पण तोंडावर झाकण नाही. भिंतीवरून कोथिंबीर देता देता म्हणाली, "भाभी, भाऊ रोज पहाटे गच्चीवर कोणाशी बोलतात हो? बाईचा आवाज येतो. मी नासीरला म्हटलं, रेडिओ असेल."

घरात रेडिओ नव्हता. यशोदाबाईंनी कोथिंबिरीची जुडी इतकी आवळली की देठांचं पाणी हाताला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या डोळे मिटून जाग्या राहिल्या. साडेचारला शेजारची खाट करकरली. लोटनभाऊ उठले, वाफेचं मशीन त्यांनी मोरीत नेऊन दार लावून चालवलं, मग यशोदाबाईंनीच रात्री भरून ठेवलेला कोमट पाण्याचा थर्मास घेतला आणि चोरपावलांनी जिना चढले. थर्मास सकाळी अर्धा का असतो, याचं कोडं बाईंना गेले कित्येक दिवस पडलं होतं. त्या मागोमाग निघाल्या. जिन्याच्या वळणावरच आवाज ऐकू आला.

"सावकाश... खांदे सैल सोडा... आता पूर्ण आत घ्या... धरून ठेवा... आणि सोडा."

"हाऽऽ," लोटनभाऊ म्हणाले.

"छान! पुन्हा एकदा."

त्या 'छान'ने यशोदाबाईंच्या छातीत निखारा पडला. त्यांनी आयुष्यात कधी नवऱ्याला छान म्हटलं नव्हतं, आणि ही म्हणत होती, पहाटे, त्यांच्या गच्चीवर. त्यांनी पदर खोचला आणि दार ढकललं.

गच्चीवर कोणी बाई नव्हती. लोटनभाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते, गळ्यात टॉवेल. पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवून ठेवला होता आणि त्यात सारिकाचं व्हिडिओमधलं बोटभर चित्र श्वास मोजत होतं. खुर्चीशेजारी झाकणाचा स्टीलचा डबा होता. तोच डबा, जो यशोदाबाई दोन महिने लोणच्यासाठी शोधत होत्या. त्यांनी वाकून आत पाहिलं. पूर्वी त्यांच्या वाटीत पडायचा तेवढा कफ त्यात होता.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. खरंच बाई असती तर बरं झालं असतं. झिंज्या उपटता आल्या असत्या, गल्ली गोळा करता आली असती. पण या 'हाऽऽ'ची झिंजी कुठे धरायची? हा माणूस आपल्याच श्वासाने आपला कफ काढत होता. सवत म्हणावी तर ती त्याच्याच छातीत राहत होती.

"कव्हयपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन महिना व्हयनात," लोटनभाऊ म्हणाले. त्यांनी मोबाइल बंद केला, पण आधी दोनदा चुकीचं बटण दाबलं.

"मंग रोज मनापुढे पाठ कसाले देत व्हतात?"

"तुना खांदा दुखस. तू रातले तेल लावस, मले काय समजत नही? म्हनून आधी आठे गच्चीवर काढी टाकस, म्हंजे तुले कमी मारनं पडी."

"मंग सांगं काबर नही?"

"तू मानती का?" लोटनभाऊंनी गळ्यातला टॉवेल काढला. मग खाली बघून म्हणाले, "आन खरं सांगू का, तुना हात पडना नही तं मले सकाय व्हयनी असं वाटतच नही."

हे ऐकून दुसरी कोणी तिथल्या तिथे विरघळली असती. यशोदाबाईंच्या कानात त्यातलं काही शिरलंच नाही. त्यांना एकच कळलं, की तीन महिने, एक दिवस न चुकता, दुखऱ्या खांद्याने त्या एक रिकामी पाठ बडवत होत्या. आणि पाठीच्या मालकाला ते ठाऊक होतं. त्या पाठ फिरवून खाली आल्या.

पुढचे पाच दिवस गल्लीत धप धप ऐकू आलं नाही. कौतिकने दूध घालताना काळजीने विचारलं, भाऊ बरे आहेत ना? भाऊ उत्तम होते, हेच तर दुखणं होतं. रोज गच्चीवर जायचे, छाती मोकळी करून यायचे, चहा प्यायचे. एकही दिवस घरघर नाही, अंग गरम नाही. यशोदाबाई भाजी चिरता चिरता कान टवकारून ऐकायच्या, आता तरी खोकतील. आणि मग आपण कसली वाट बघतोय हे लक्षात आलं की स्वतःवरच चिडून विळी बाजूला सारायच्या. नवरा आजारी पडावा म्हणून टपलेली बायको! देवा, या सारिकेने मला कुठे आणून ठेवलं, असंही मनात यायचं. दोष तरीही सारिकेचाच.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अबोला न मोडता बॅग भरली. थर्मास, मशीन, तीन टॉवेल, झाकणाचा डबा. मग रतिलालला फोन लावून बजावलं, पिवळं-हिरवं पडलं नाहीतर रक्ताची रेघ दिसली तर तडक डॉक्टरकडे न्यायचं, आणि खोकला दाबायचं कुठलंही सिरप घरातून काढून द्यायचं नाही, आत दाबला की साठतो. "वहिनी, कंडक्टर माझा पण आहे," रतिलाल हसून म्हणाला. यशोदाबाईंनी त्याच्या नावाचीही मनात नोंद करून ठेवली.

धुळ्यातली पहिली सकाळ उजाडली. साडेपाचला यशोदाबाई सवयीने उठून नवऱ्याच्या खाटेवर बसल्या. खाट मोकळी होती. हात मांडीवर पडले होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. उशी होती समोर. त्यांनी तिच्यावर एक थाप मारली, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून खिडकीकडे बघितलं.

फोन वाजला.

"व्हई गयं," लोटनभाऊ म्हणाले. आवाज मोकळा होता. "तुले सांगाले फोन कया."

हा गेल्या सहा दिवसांतला त्यांचा पहिला संवाद. यशोदाबाईंनी म्हणायला हवं होतं, बरं झालं. त्या म्हणाल्या, "फोन पाठले लावा."

"काय?"

"डावा बाजूले, खाले. रतिलालभाऊले सांगा लावाले. आन मोठा श्वास ल्या."

पलीकडे खुसपुस झाली, रतिलालचं हसू ऐकू आलं, मग फोनमध्ये कापडाची खसखस. यशोदाबाईंनी डोळे मिटले, मोबाइल कानाशी दाबला. खसखस, दूर कुठेतरी कुकरची शिटी, आणि रतिलालचा दणदणीत आवाज, "झालं का वहिनी?" बाकी काही नाही. अगदी काहीही नाही. अकरा वर्षं तळव्याखाली जी घरघर त्यांना ओळखीची होती, तिचा मागमूस नव्हता.

"आखो शे, बाकी शे कफ," यशोदाबाई ठामपणे म्हणाल्या. "तठेच, खाले. काढा."

पलीकडे रतिलालने निरोप आणि फोन दोन्ही लोटनभाऊंकडे दिले. मग एक 'हाऽऽ', आणि लागलीच एक छोटासा खोकला.

"उना," लोटनभाऊ म्हणाले. "उना वं! तुनंच खरं. मले समजनंच नही."

डाव्या बाजूचा, खालचा, अडलेला कफ एका 'हाऽऽ'त. अकरा वर्षांत तो कधी एका दमात वर आला नव्हता. चार-पाच वेळा ओढाताण केल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही, हे त्या छातीच्या मालकापेक्षा यशोदाबाईंना जास्त माहीत होतं. धुळ्यातला माणूस धडधडीत खोटं बोलत होता. जळगावातल्या बाईने तरी कुठे खरं सांगितलं होतं?

"मंग?" त्या म्हणाल्या. "सांगजात त्या पोरीले." आणि फोन ठेवला.

बाहेर आल्या तर भिंतीपलीकडे रईसा कपडे वाळत घालत होती. "भाभी, आजही आवाज नाही," ती म्हणाली. "भाऊंचं कसं झालं मग आज?"

यशोदाबाईंनी तेलाची बाटली उघडली आणि दिवसाढवळ्या, तिच्या देखत, उजव्या खांद्याला तेल चोळायला घेतलं.

"आज फोनवरून केलं," त्या म्हणाल्या.