पट्टेवाल्याचा महिना

माझी थोरली बहीण एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी आधी बादलीकडे पाहिलं. झाकणाला भोकं पाडली होती. आत खाऱ्या पाण्यात एक नारिंगी मासा, अंगावर तीन पांढरे पट्टे, जागा शोधत गोल गोल फिरत होता.

"बाकीचे गेले," ताई म्हणाली. "हा एवढाच राहिला. तुझ्या टाकीत सोड."

मी "ये" म्हणायच्या आधी "नाही" म्हणाले. माझा स्वभावच तसा आहे, तोंडातून आधी नकार येतो आणि माणुसकी मागून धापा टाकत येते.

पण नकाराला कारण होतं. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर दुसऱ्यांची दुखणी नळ्यांत भरून हाताळते. गेल्या वर्षी हौस म्हणून समुद्री माशांची टाकी घेतली. गोड्या पाण्याची टाकी म्हणजे समजूतदार धाकटी आणि खाऱ्या पाण्याची म्हणजे हट्टी थोरली, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पहिल्या खेपेचे मासे सुखात होते, पण मी दुकानातून आणलेला एक देखणा पिवळा मासा थेट टाकीत सोडला. आठवड्याच्या आत सगळ्यांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. मासे दगडाला अंग घासू लागले, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि एकेक करून संपले. टाकी नव्याने भरली तेव्हापासून माझ्या घरात एकच कायदा होता. नवा मासा महिनाभर वेगळ्या टबात राहणार. ना वाळू, ना दगड, लपायला फक्त पाइपचा तुकडा. त्याची जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा. आणि मध्येच दुसरा मासा त्या टबात आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, कारण आलेला काय घेऊन आला आहे ते कुणालाच माहीत नसतं.

ताईचे मासे कशाने गेले, हे मी विचारलं. "रोग आला काहीतरी," ती बादलीकडे बघत म्हणाली. मग तर प्रश्नच मिटला. टब भरला, मीठ मोजून विरघळवलं, पाणी कोमट ठेवणारी कांडी लावली आणि बुडबुड्यांवर चालणारा स्पंजचा फिल्टर जोडला. न्हाणीघरात साबणाचा थेंब उडायची भीती, म्हणून टब पाहुण्यांच्या खोलीत ठेवला. म्हणजे ताईच्या पलंगाशेजारी.

मला वाटलं होतं, ताई भांडेल. लहानपणापासून ती माझ्या प्रत्येक नियमाला फाटे फोडत आली होती. आम्ही दोघी एका खोलीत वाढलो आणि त्या खोलीत एकही खडूची रेघ अशी नव्हती जी तिने पुसली नाही. पण या वेळी तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की महिना म्हणजे नक्की पूर्ण महिना ना. मी म्हटलं, पूर्ण. ती "बरं" म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. इतका समजूतदारपणा मला पचला नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात चैन म्हणून राहिली नाही. मी कामाला जाण्याआधी टॉर्च लावून पट्टेवाल्याच्या अंगावर ठिपके शोधायची. (नाव ताईनेच ठेवलं होतं.) ठिपके नव्हते. तो खात होता, पाइपमधून डोकं काढून आम्हा दोघींना खडसावत होता, तब्येत ठणठणीत होती. चैन नव्हती ती ताईला. ती खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा खोलीत. चहा करायची आणि प्यायला विसरायची. संध्याकाळी फोन वाजला की गॅलरीचं दार ओढून घ्यायची आणि काचेपलीकडे येरझाऱ्या घालत बोलायची. भाऊजींचा फोन असायचा. काय बोलणं झालं विचारलं तर "काही नाही, जेवलीस का विचारत होते" म्हणायची. ताकास तूर लागू द्यायची नाही. आणि तिच्या येरझाऱ्या बघून बघून मीही टाकीपाशी दहादा जायला लागले. पाण्याची तपासणी केलेली असली तरी पुन्हा करायची. काहीतरी बिघडणार आहे, असं उगाच वाटत राहायचं.

एकदा स्पंज धुवायचा म्हणून मी फिल्टरचा प्लग काढायला हात लांबवला. ताई पलंगावर बसली होती, ती ताडकन उठली आणि माझं मनगट धरलं. "प्लग नको काढूस," ती म्हणाली. मी सांगितलं, पाच मिनिटांचं काम आहे, तेवढ्यात मासा मरत नाही. तिने हात सोडला, पण स्पंज पुन्हा जागेवर बसेपर्यंत तिथून हलली नाही. मला हसू आलं होतं. म्हटलं, ही तर माझ्याही वरताण निघाली.

पंधरवडा उलटला आणि एका दुपारी मी घरी आले तर टबात एक पिवळा मासा. "एकटा कंटाळतो गं तो," ताई म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोलायचं ते बोलले, जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. आता पुन्हा पहिल्यापासून महिना, समजतंय का तुला? ती म्हणाली, समजतंय. अगदी शांतपणे म्हणाली.

तो महिना संपत आला, तेव्हा तिने आणखी एक आणला. या वेळी निळा, भांडकुदळ जातीचा, आला तोच पिवळ्याच्या शेपटीला लागला. मी त्या दिवशी ओरडले नाही. माझी बहीण बेफिकीर असेल, पण मठ्ठ कधीच नव्हती. एकच चूक ती दोनदा करते आणि तीही महिना भरत आल्यावर, हे कुठेतरी खटकत होतं. मी मधे प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी लावून निळ्याला वेगळा कप्पा करून दिला.

उत्तर भाऊजींनीच दिलं. त्यांचा फोन माझ्या कामाच्या जागी आला. भाऊजी फार सभ्य बोलतात. एका खाजगी कंपनीत हाताखाली माणसं असलेले अधिकारी आहेत, आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडली नाही. घर बंद पडल्यासारखं झालंय, म्हणाले. तुमची शिस्त मान्य आहे, पण तुम्ही तिला मासा बरा होईपर्यंत हलायचं नाही अशी ताकीदच दिलीत, हे जरा जास्त होतंय. मासा कधी बरा होईल, तेवढं नक्की सांगा.

मी अशी ताकीद कधीच दिली नव्हती. हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली आणि म्हटलं, बघून सांगते.

घरी जाऊन मी ताईसमोर टबाच्या काठाशी जमिनीवर बसले. म्हटलं, मला ताकीद देणारी बाई करून ठेवलंस ते चालेल, पण निदान मला सांगायचं तरी. ती पट्टेवाल्याकडे बघत म्हणाली, "रोग नव्हता आला."

फिल्टरच्या आवाजाचा भाऊजींना त्रास व्हायचा. त्याआधी तिच्या रेडिओचा व्हायचा, तो गेला. मैत्रिणींच्या हसण्याचा व्हायचा, त्या यायच्या बंद झाल्या. एकदा कशावरून तरी ताईने त्यांना उलट उत्तर दिलं. ती बाहेर गेली असताना त्यांनी प्लग काढला आणि तसाच ठेवला. ती परतली तोवर टाकीतलं पाणी गार होऊन शांत पडलं होतं आणि एक पट्टेवाला सोडून सगळे मासे मरून वर आले होते. भाऊजी वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, बघ किती शांत वाटतंय घरात.

हे सांगताना ताई रडली नाही. मीच रडले, आणि रागाने रडले, जे फार वाईट दिसतं. मग इथेच राहा ना, मी म्हटलं, त्यासाठी माशांची रांग कशाला लावायची? ती म्हणाली, "त्यांना नाही म्हणायला तोंड उघडलं की माझा आवाजच फुटत नाही. दिवस भरले नाहीत, एवढंच म्हणता येतं. तुझा कायदा आहे, माझा नाही." मला तेव्हा तिचा राग आला, माझाही आला. एवढी जवळ बसून मी माशाच्या कातडीवरचे ठिपके शोधत होते.

भाऊजींनी रविवारी येतो म्हणून कळवलं. निळ्याचाही महिना भरत आला होता. ताईचा चेहरा उतरला, तिने दोन दिवस धड खाल्लं नाही, आणि रविवारी सकाळी मी उठून सरळ दुकानात गेले. एरवी मी दुकानदाराला माझ्यासमोर माशाला खायला घालायला लावते, माशाचा श्वास बघते, डोळे बघते, दुकानदाराला नको नको करून सोडते. त्या दिवशी हाताला आला तो मासा पिशवीत बांधून घेतला. दुकानदारही चकित झाला असावा.

मी परतले तेव्हा भाऊजी सोफ्यावर बसले होते. समोर चहा होता. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि साडीचा काठ बोटाला गुंडाळत होती. मी कुणाशी न बोलता खोलीत गेले, पिशवी थोडा वेळ टबाच्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि माशाला जाळीत घेऊन टबात सोडलं. दार उघडंच होतं, सगळं दिसत होतं.

"नवा आलाय, भाऊजी," मी म्हटलं. "आता पुन्हा पहिल्यापासून महिना."

आयुष्यात पहिल्यांदा मी माझा कायदा असा वापरला.

भाऊजी हसले. समजूतदार माणसं हसतात तसं. "मग मासे राहू देत इथे," ते म्हणाले. "त्यांची काळजी तुम्ही जास्त चांगली घेता. तू चल गं. बॅग भर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही दोघी बहिणी मासे आणत बसलो होतो. मी ताईकडे पाहिलं. तिने साडीचा काठ सोडला होता. ती खोलीत आली, टबापाशी वाकली, फिल्टरच्या वायरवर हात ठेवला, जणू कुणी ती ओढणार होतं.

"मासा आजारी नाहीये," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण बाहेर ऐकू गेला. "कधीच नव्हता. माझे मासे रोगाने मेले नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मी येत नाही."

भाऊजींनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला हे पढवलं होतं, आणि तिला विचारलं, "लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांगवत नसेल तर सांगा, मासा आजारी आहे."

ते उठले. जाताना दार त्यांनी नेहमीच्या सभ्यपणे, आवाज न करता लावलं. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी ताई वायरवरचा हात काढेना. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्याने ओले होते. मी तशीच तिच्याशेजारी बसले.

नवा मासा कोपऱ्यात बसून भराभरा कल्ले हलवत होता. शेपटीजवळ एक पांढरा ठिपका होता, बहुतेक. मी टॉर्च शोधायला लागले आणि सवयीने म्हटलं, आजपासून महिना धरायचा.

"याचा धर," ताई म्हणाली. "माझा मोजू नकोस."