नद्या संपल्या

कामोठ्यात हिरामणच्या घरी चार नद्या नांदत होत्या. थोरली गंगा, तिच्या पाठची यमुना, मग गोदावरी आणि शेवटची नर्मदा. चारही त्याच्या मुली. पनवेलला कीर्तनाला येणाऱ्या एका बुवांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की मुलीला नदीचं नाव ठेवलं की हाक मारणाऱ्याला त्या नदीत बुडी मारल्याचं पुण्य लागतं. झालं! मग काय विचारता! हा गडी बसल्या जागेवरून दिवसभर हाका मारायचा. गंगे, विडी आन. यमुने, तांब्या भर. गोदे, पाय चेप. आणि आल्यागेल्याला वर नावांचे अर्थ सांगायचा. गंगा म्हणजे पापं धुनारी, नर्मदा म्हणजे सुख देनारी. ती सुख देणारी चार वर्षांची होती, नाकाला शेंबूड, अंगभर खरूज, आणि त्या खरजेवर कडुलिंबाचं पाणी घालायची शुद्ध घरात कुणाला नव्हती.

मैना ही हिरामणची धाकटी बहीण, तुर्भ्याला दिलेली. तिला माहेरचं हे सोंग बघून शिसारी यायची. पण यावं तर लागायचं. बारशाला मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि हिरामणला बहीण एकच. चारी नद्यांची नावं तिनंच पोरींच्या कानात सांगितली होती. आता पाचवी झाली होती, आणि मैना पुन्हा निघाली होती. सोबत तिनं झबलं, टोपडं आणि डब्यात डिंकाचे लाडू घेतले होते, आणि नावही मनात धरलं होतं. कावेरी. नर्मदेनंतर कावेरी, चांगलं शोभेल असं तिला वाटलं होतं.

अंगणात पाऊल टाकलं आणि तिचं तोंड कडू झालं. हिरामण मिठागरावरून आला होता. ओट्यावर बसून त्यानं गुडघ्यापर्यंत चिखलानं बरबटलेले पाय पुढं केले होते, आणि गंगा, दहा वर्षांची ती पोर, नारळाच्या काथ्यानं ते घासत होती. तिच्या बोटांच्या पेरांना मिठानं चिरा पडल्या होत्या.

"ये गो बाय!" हिरामण हसला. "बघ, घरबसल्या गंगेची आंघोळ!" असं म्हणून तो खाकरला आणि पोरीच्या शेजारीच पचकन थुंकला. त्यातलं थोडं तिच्या हातावर उडालं. पोरीनं हात परकराला पुसला आणि पुन्हा घासायला लागली, जसं काही झालंच नाही.

मैना तडक आत बाळंतिणीच्या खोलीत गेली, आणि तिथलं बघून तर तिला उभं राहवेना. गंगेच्या वेळी याच खोलीत शेकशेगडी होती, धुरी होती, हळिवाची खीर होती. आता भावजय कमळी फाटक्या चटईवर पडली होती. उशाशी जर्मनच्या ताटलीत सकाळचा भात आणि करपलेला बोंबील, त्यावर माश्या घोंगावत होत्या. पोर गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेली. मिठाचीच गोण ती. पोरीच्या मांड्या घासून लाल झाल्या होत्या.

"कमळे, अगो धडुतं नाय का घरात?"

"हायत की वन्स," कमळी म्हणाली. "सासूबाई म्हनल्या, ती मुलग्याला ठेवू."

मैनानं गोणपाट उचलून खिडकीबाहेर भिरकावलं. आपल्या लुगड्याचा पदर टराटरा फाडून पोरीला गुंडाळलं. पोर कढत लागली.

"हिला ताप हाय का?"

कमळीनं घाबरून दाराकडं बघितलं. "अंग ऊन लागतंय कालपासनं," ती हळूच म्हणाली. कमळी त्या घरात ताप हा शब्द कधी उच्चारत नसे. तिच्या सासूचं नाव तापीबाई. सासूचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दही तोंडात आणायचा नाही, अशी त्यांच्यातली रीत. म्हणून कमळीच्या घरी दूध तापत नव्हतं, ऊन होत होतं, आणि लेकरांना ताप येत नव्हता, अंग ऊन लागत होतं. मैनाही आपल्या सासरी तसंच बोलायची, त्यामुळं तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तापीबाई मागच्या पडवीत मिशरी लावत बसली होती. काळी लाळ हनुवटीवर ओघळलेली. मैना तिच्यापुढं जाऊन बसली.

"आये, नाव काय ठेवायचं? मी कावेरी ठरवलंय."

म्हातारीनं बोट तोंडातून काढलं. "नदी नको आता. एक नदी आली का तिच्या मागनं दुसरी येते. धर्मा भगतानं सांगितलंय, हिचं नाव नकोशी ठेवा. देवाला कळंल, या घरात पोर नको म्हनून. मग पुढचा मुलगाच."

"नकोशी?" मैनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय बिघडलं? माझ्या मावशीचं नाव तेच होतं. तिच्या पाठीवर तीन भाऊ झाले!"

हिरामण पाय पुसत आत आला. "खरंच गो मैना. नद्या संपल्या आता!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खदखदा हसला.

अहो, हाच हिरामण त्या दिवसांत पनवेलच्या सभांना जायचा. राज्य व्हायचं होतं ना तेव्हा! घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा, राज्याचं नाव महाराष्ट्रच पाहिजे म्हणून लोकांशी भांडायचा. न झालेल्या राज्याच्या नावाचा एवढा कळवळा, आणि पोटच्या पोरीला नकोशी म्हणायला जीभ कचरत नव्हती. मैनाला त्याच्या तोंडाकडं बघवेना. ज्याच्या पाठीला पाठ लावून आपण आलो तो हा भाऊ, याला ओवाळलं आपण, या विचारानंच तिला किळस आली.

"मी नाय सांगायची ते नाव तिच्या कानात," ती म्हणाली.

"मग शेजारची गोजरा सांगंल. मान तुझा होता, तूच लाथाडलास."

मैनाला कळून चुकलं, आपण रागानं निघून गेलो तर उद्या पोर जन्मभरासाठी नकोशी होणार. शाळेत नकोशी, लग्नाच्या पत्रिकेत नकोशी. नवरा नाव बदलतो म्हणा, पण तोवर? रोज सकाळी उठून ऐकायचं, तू नको होतीस. तिनं राग गिळला. "बरं. सांगते मीच," ती म्हणाली, आणि मायलेकांना वाटलं, बाई वठणीवर आली.

बारशाला शेजारच्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूची एक माळ कशीबशी लटकवली होती. घुगऱ्यांत खडे होते, हळदीकुंकवाचा करंडा अर्धा रिकामा, आणि हिरामण ओट्यावर विड्या फुंकत बसलेला. गोजरानं पोर मैनाच्या हातात दिली. मैनानं तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले आणि सरळ उभी राहिली.

"काय ठेवलं गो नाव?" बायकांनी विचारलं.

"तापी," मैना खणखणीत म्हणाली. "सूर्याची लेक. नदीचंच नाव हाय. पापं नाय धूत ती कुनाची, चटका देते."

बायकांनी तोंडाला पदर लावले. गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात हो, जित्या माणसाचं ठेवतं का कुणी? ते म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. तापीबाईनं छाती बडवून घेतली.

"मेले का गो मी? जिवंतपनी माझं नाव लावलंस? माझ्याच पोटची तू!"

"आता दे शिवी," मैना हिरामणकडं वळून म्हणाली. "घाल लाथ. आयच्या नावाच्या पोरीला मार एक थप्पड, बघू. हिच्याकडनं पाय धुवून घे, आयचं नाव घेऊन! जमतंय का बघ."

आत्यानं कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हिरामण मारायला धावला, बायकांनी त्याला अडवलं. मैनानं त्या घरचा पाण्याचा घोटही घेतला नाही. लाडवांचा डबा कमळीच्या उशाशी ठेवला आणि तुर्भ्याची वाट धरली. वाटेत तिला जोरजोरात हसू येत होतं. चांगली पाचर मारली, असं ती मनाशी म्हणत होती. वर्षभर तिनं ही गोष्ट तुर्भ्यात ज्याला त्याला सांगितली.

माहेर तुटलं. बोलावणं नाही, निरोप नाही. पण दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात चुलतभाऊ नामदेवाच्या मुलीचं लग्न निघालं, आणि मैना कामोठ्याला गेली. हळदीच्या दिवशी पाहुण्यांची पंगत हिरामणच्या अंगणात होती, त्यामुळं जाणं भागच होतं.

तिची नजर पोरीला शोधत होती. गंगा लग्नाची भांडी घासत होती, यमुना पाणी आणत होती, गोदावरी पाहुण्यांच्या चपला सरळ लावत होती, नर्मदेची खरूज आता डोक्यात गेली होती. आणि धाकटी कोंबड्यांमागं दुडदुडत होती. दोन वर्षांची असेल नसेल. गोरटेली, टपोऱ्या डोळ्यांची. मैनाचा जीव भरून आला.

तेवढ्यात गोदावरी ओरडली, "ए नकोशे, कोंबड्या सोड!"

मैनाला वाटलं कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. मग यमुनेनं तीच हाक मारली. मग हिरामणनं, लाडात येऊन. मैना तरातरा चुलीपाशी गेली. कमळी भाकऱ्या थापत होती.

"काय गो हे? नाव ठेवून गेलते ना मी? कुनी बदललं?"

"कुनी नाय बदललं, वन्स," कमळी खाली मान घालून म्हणाली. "पर ते नाव घ्यायचं कुनी? मी सासूचं नाव घेऊ? दादल्यानं आयचं घ्यावं? पोरींनी आजीचं? पहिलं काय दिवस मी नुसतं 'ए बाय' म्हनायचे. मग सासूबाईंनी नकोशी चालू केलं. पोरी म्हनायला लागल्या." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आता मीपन म्हनते."

मैना तिथंच चुलीपाशी टेकली. आपल्या सासरी आपण जन्मभर पाळलेली रीत, आणि नेमकी तीच आपल्याला आठवू नये? अक्कल काय खाडीत बुडवली होती आपण? चारचौघांत तोंड चालवून निघून गेलो, आणि मागं पोरीला असं नाव देऊन गेलो की ते तिच्या आईच्याही तोंडी यायचं नाही. बारशाच्या दिवसापासून तिला हिरामणची किळस होती. आता तिला स्वतःचीच आली, आणि ती थुंकून टाकता येईना.

अंगणात पंगत बसली होती. नवरदेवाकडचा एक जाडा पाहुणा मटणाचं हाड चोखत होता, तेलाचा ओघळ कोपरापर्यंत आलेला. पोर त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, हाडाकडं बघत.

"काय गो पोरी, नाव काय तुझं?"

पोर खुश झाली. तिला हे येत होतं. छाती पुढं काढून ती बोबड्या आवाजात म्हणाली, "नतोशी!"

सगळी पंगत हसली. हिरामणही हसला. पाहुण्यानं चोखलेलं हाड पोरीच्या हातात दिलं. "घे गो नकोशे, तुझ्यासारखंच नको झालेलं!" आणि हसणं आणखी वाढलं. पोरीला वाटलं आपण काहीतरी फार छान बोललो. ती हाड धरून नाचायला लागली आणि पुन्हा पुन्हा सांगू लागली, "नतोशी! नतोशी!"

चुलीवर भाकरी करपत होती. कमळी उठली. पिठाचे हात तसेच, डोक्यावरचा पदर घसरलेला. मैनानं तिला धरायला हात पुढं केला, पण ती चुलीपासून सरळ अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली, सासरची माणसं, नवरा, पाहुणे, सगळ्यांच्या समोर.

"तापी!" ती म्हणाली. पहिल्यांदा आवाज नीट फुटलाच नाही. "तापे, टाक ते हाड. इकडं ये!"

हसणं थांबलं. हिरामणचा घास तोंडातच राहिला. पोर मात्र नाचतच होती. तिनं वळूनही बघितलं नाही. ते नाव आपलं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कमळीनं जिवाच्या आकांतानं पुन्हा हाक मारली. "तापे! अगो तापे!"

"ओ!"

ओट्यावरून म्हातारीनं ओ दिली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. हातातली मिशरी टाकून, माहेरच्या अंगणात कुणी बोलावल्यासारखी, ती उठून उभीसुद्धा राहिली होती.