डावीकडची बासरी

"काका, डावा पूर्ण मेलाय. आणि उजव्यात दोन्हीकडचं एकत्र घुसतंय. कुणीतरी वाट लावलीय याची."

जान्हवीने कापडी पिशवीतून हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ती मालाडच्या एका डबिंग स्टुडिओत एडिटिंग करायची आणि जुने हेडफोन जमवायची. असले हेडफोन दुरुस्त करणारा माणूस चारकोपमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या बंदिस्त बाल्कनीत बसलेला असतो, याचं तिला अजून नवल वाटायचं. याआधी तिने तीन हेडफोन आणले होते. प्रत्येक वेळी नेरूरकर काका आधी वस्तू हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि मग जान्हवीकडे बघायचे. आज त्यांनी हात लावला नाही.

"कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं.

"गोराईचा एक मुलगा आहे, अल्पेश म्हणून. त्याने ऑनलाइन टाकला होता. त्याच्या आजोबांचा होता म्हणे. ते गेले, मग घरात कोण वापरणार?"

"हं."

"मला बाकी काही नको, काका. फक्त स्टिरिओ करून द्या. मूळचा होता तसा."

"बुधवारी ये," नेरूरकर म्हणाले.

ती गेली तरी ते तसेच बसून राहिले. तपकिरी रंगाचे, वाटीएवढे मोठे कान असलेले हे जपानी हेडफोन एके काळी पुष्कळ आले होते. तेव्हा हा तोच कशावरून, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग डाव्या कानाचे चार स्क्रू काढून बाहेरचं झाकण उचललं. आत वायरीच्या जोडाला निळ्या दोऱ्याच्या सात वेढ्यांची गाठ होती. तो दोरा सुगंधाच्या शिवणाच्या डब्यातला होता आणि गाठ त्यांनी स्वतः मारलेली होती.

सुगंधा त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

चंद्रप्रकाश नेरूरकर हा तसा कुणाच्या लक्षात राहावा असा माणूस नव्हता. वडील गिरणीत होते. हे अंधेरीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तपासणीच्या टेबलावर एकतीस वर्षं बसले. कंपनी बंद पडली तेव्हा इतरांनी मोर्चे काढले, यांनी आपला मीटर पिशवीत घालून घरी आणला. हा हेडफोन कंपनीत नमुना म्हणून आलेला, चौऱ्याऐंशी साली त्यांनी विकत घेतला होता. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मोठ्या हौसेने त्यांनी तो सुगंधाच्या डोक्यावर चढवला आणि तिचं आवडतं गाणं लावलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ह्येच्यात बासरी खंय? रेडिओवर तर असता."

बासरी होती. ती फक्त डावीकडे होती.

नेरूरकरांना त्या दिवशी कळलं की आपल्या बायकोला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झालं होतं, त्यात तो कान गेला होता. सोयरीक मोडेल म्हणून माहेरच्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं होतं आणि तिने तीन वर्षं ते इतकं बेमालूम निभावलं होतं की सासूलाही पत्ता लागला नव्हता. नेरूरकर त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी हेडफोन उघडला, डावा स्पीकर सोडवून ठेवला, दोन बारीक रेझिस्टन्स घालून दोन्हीकडचा आवाज एकत्र केला आणि उजव्या कानात सोडला. मग तेच गाणं पुन्हा लावलं. बासरी आली तशी सुगंधाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात लाज होती, भीती होती आणि आणखीही काही होतं, ज्यासाठी नेरूरकर पुढची अडतीस वर्षं हा एक हेडफोन जपत राहिले.

तो तिच्या बाराव्यानंतर घरातून नाहीसा झाला. चौदाव्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं तर खोका रिकामा. घरात आवराआवर करणारी एकच बाई होती, सून अनुपमा. पाहुणे अजून घरात होते. त्यांच्यासमोरच नेरूरकर म्हणाले होते, "घरातली वस्तू भंगारात घालताना विचारायची रीत असते." अनुपमा काही बोलली नाही. हर्षदनेही, म्हणजे त्यांच्या मुलाने, तिला चार शब्द सुनावले. तेव्हाही ती काही बोलली नाही. पुढे हर्षदची नोकरी सुरतला गेली, अनुपमाची बोरिवलीच्या पॅथॉलॉजी लॅबमधली राहिली. सासरा आणि सून दोघंच घरात उरली. जेवण वाढलंय, गॅस आलाय, दार ओढून घ्या, यापलीकडे दोन वर्षांत त्यांच्यात बोलणं झालं नव्हतं. नेरूरकरांनी राग धरला होता, आणि एकदा धरलेली गोष्ट ते सहसा सोडत नसत.

आता तो राग पुन्हा वर आला. अनुपमा रविवारचा बाजार आणायला गेली होती. ती आली की हेडफोन तिच्यासमोर ठेवायचा आणि विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पण वस्तू टेबलावर आली की तिचं माप घेतल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यांनी मीटर जोडला.

उजवा स्पीकर थकलेला असणार, हे त्यांना माहीत होतं. सुगंधाच्या आजारपणात शेवटच्या काही महिन्यांत त्याचा आवाज उतरला होता. "बारीक येता," ती म्हणायची. त्यांनी प्लग बदलला. मग पूर्ण वायर बदलली. मग ते दोन रेझिस्टन्स बदलले, तेव्हा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने बोट भाजलं होतं. नवा स्पीकरसुद्धा मागवून ठेवला होता. पण रेझिस्टन्स बदलल्यावर तिने हेडफोन घातला, त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आता बरा येता." त्यानंतर शेवटपर्यंत रोज संध्याकाळी ते तिच्या डोक्यावर हेडफोन चढवायचे आणि विचारायचे, "येता मगे?" आणि रोज ती म्हणायची, "बरा येता." भेटायला येणाऱ्यांना ते अभिमानाने सांगायचे की हिला औषधापेक्षा माझ्या दुरुस्तीने बरं वाटतंय.

त्यांनी आधी डाव्या स्पीकरला सूर दिला आणि मीटरच्या काट्याची जागा पेन्सिलने टिपली. हा स्पीकर चाळीस वर्षांत वाजलाच नव्हता, म्हणजे नव्यासारखा. मग तोच सूर उजव्याला दिला. काटा पेन्सिलच्या खुणेवर येऊन थांबला.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तिथेच.

उजवा थकलेला नव्हता. मग बिघाड वायरीत असणार. नेरूरकरांची एक शिस्त होती. काढलेला भाग ते कधी फेकत नसत, तारीख घालून पुडी बांधत आणि वस्तूबरोबर मालकाला देत. सुगंधाच्या हेडफोनच्या पुड्या अर्थात त्यांच्याच खणात होत्या. त्यांनी तिन्ही पुड्या सोडल्या. प्लग तपासला, चांगला निघाला. वायर इंच इंच वाकवून पाहिली, कुठेही तुटलेली नव्हती. दोन्ही रेझिस्टन्स मोजले. जसे चौऱ्याऐंशी साली घातले होते तसेच होते.

तिन्ही वेळा त्यांनी न बिघडलेली वस्तू दुरुस्त केली होती. तेव्हा त्यांनी काही मोजलंच नव्हतं. ती म्हणाली बारीक येतं, म्हणजे येत असणार. तिच्या कानावर त्यांचा मीटरपेक्षा जास्त विश्वास होता.

इंजेक्शनं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी काय काय होऊ शकेल ते सांगितलं होतं. केस जातील, उलट्या होतील, हातापायांना मुंग्या येतील, कानांवर परिणाम होऊ शकतो. केस गेले ते सगळ्यांना दिसले. नेरूरकर टेबलाशी बसून राहिले. सोल्डरिंग आयर्न तापून धूर यायला लागला तेव्हा त्यांनी बटण बंद केलं.

लॅच उघडल्याचा आवाज झाला. अनुपमा पिशव्या घेऊन आत आली. "सगुणामावशीकडे बांगडे चांगले होते, बाबा," असं काहीसं म्हणत ती ओट्याकडे निघाली आणि बाल्कनीच्या दाराशी थांबली. टेबलावरच्या वस्तूकडे तिने पाहिलं. मग पिशव्या जमिनीवर ठेवून ती स्टुलावर बसली.

"कुठून आला?" तिने विचारलं.

"गोराईहून. तू भंगारात घातला होतास ना?"

"मी कधी म्हटलं भंगारात घातला? तुम्ही म्हणालात. मी गप्प बसले."

"मग?"

"सगुणामावशीला दिला, ती गोराईचीच ना. तिच्या नवऱ्याचा, बळवंतकाकांचा पण डावा कान गेला होता, बोटीच्या इंजिनाशी राहून राहून. आईच म्हणाल्या, एका कानाच्या माणसाच्या उपयोगी पडेल."

"सुगंधानं सांगितलं? तुला?"

"शपथ घातली होती. मी गेल्यावर लगेच घरातून काढ आणि ह्यांना सांगू नको." अनुपमा पदराशी चाळा करत होती. "त्या म्हणाल्या, मी गेल्यावर ते हा उघडून बसतील. आज ना उद्या मोजतील, आणि मग त्यांना कळेल."

नेरूरकरांनी मीटरची वायर गुंडाळायला घेतली. ती नीट गुंडाळली जाईना.

"तिला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, बाबा."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. आधी कमी झालं, मग काहीच नाही."

"आणि मी रोज विचारायचो तेव्हा?"

"तुमच्या ओठांकडे बघायच्या. तेवढंच वाक्य होतं ना रोजचं, त्यांना पाठ झालं होतं. आणि गाणं संपलं की तुम्ही उठायचात, तेव्हा त्यांना कळायचं संपलं म्हणून."

खाली कुणीतरी गाडी काढत होतं, वॉचमन मागे घे मागे घे म्हणून सांगत होता.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

सुगंधा म्हणाली होती तसंच अनुपमाने सांगितलं. "'त्येंका वाटता हेडफोन बिघडलो. वाटांदे. कान गेलो म्हणान सांगितलंय, तर ते काय दुरुस्त करतले?'"

नेरूरकर रडले. एकाहत्तर वर्षांचा माणूस सुनेसमोर रडला आणि त्याने तोंड फिरवलं नाही. चार महिने ती त्या आवाज नसलेल्या घरात एकटी बसली होती आणि ते शेजारी बसून मान डोलवत होते, हे त्यांना सहन होत नव्हतं. एकदा या हेडफोननेच त्यांना तिचं गुपित सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी तो त्यांच्या हातात असून त्यांनी त्याला विचारलं नाही.

पाणी आणायला अनुपमा उठली तेव्हा ते म्हणाले, "चार लोकांत बोललो मी तुला."

"हो," अनुपमा म्हणाली. "लागलं होतं मला खूप. हर्षद बोलला त्याचं नाही एवढं. तुमचं लागलं."

"सांगायचं होतंस गं. निदान नंतर तरी."

"शपथ होती. आणि सांगून तुम्हाला हेच झालं असतं, जे आता झालं."

तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. ते अर्धं पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि सोल्डरिंग आयर्नचं बटण पुन्हा चालू केलं.

"बाबा, आता काय करताय?"

"जान्हवी बुधवारी न्यायला येणारे. दोन्ही बाजू वेगळ्या करून पाहिजेत तिला."

"मी बोलते ना तिच्याशी. ठेवून घेऊ आपण. ती नाही म्हणणार नाही."

"नको. तिचा आहे तो आता," नेरूरकर म्हणाले. "आणि तिला दोन कान आहेत."

निळी गाठ सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. चाळीस वर्षांपूर्वी तरुण बोटांनी आवळून बांधलेली होती, पुढे रेझिस्टन्स बदलताना त्यांनी ती पुन्हा तशीच बांधली होती. दोरा कापता आला असता, पण त्यांनी कापला नाही. तो सुटल्यावर त्यांनी रेझिस्टन्स काढले, उजव्याची वायर उजव्याला ठेवली आणि डाव्या स्पीकरला चाळीस वर्षांनी पुन्हा सोल्डरचा टाका दिला. त्यांचा हात नेहमीसारखा चालत होता. खरं कळलं तर हा हात खचेल, अशी सुगंधाला काळजी होती; त्याला काहीही झालेलं नव्हतं. काढलेले रेझिस्टन्स त्यांनी पुडीत बांधले आणि जान्हवीच्या पिशवीत टाकले. दोऱ्याबद्दल मात्र ते थोडे अडले. मग त्यांनी तो नव्या जोडाला पुन्हा गुंडाळला, मोजून सात वेढे.

"अनुपमा, जरा ये इकडे."

ती हात पुसत आली. तिच्या बोटांना बांगड्याचा वास होता, म्हणून तिने हात मागे धरले. नेरूरकरांनी डाव्या कानाचं झाकण उघडंच ठेवून हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला, कानावरचे केस बाजूला करून नीट बसवला. असं त्यांनी आजवर एकाच माणसाला केलं होतं. मग त्यांनी तेच गाणं लावलं आणि समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"येतंय?" त्यांनी विचारलं.

अनुपमाने मान हलवली.

"डावीकडे?"

"येतंय, बाबा."

"खरं सांग. नसेल येत तर नाही म्हण. मी पुन्हा उघडेन. मला वाईट नाही वाटणार."

अनुपमा थांबली. तिने डोळे मिटले आणि ऐकत राहिली. गाण्याचं पहिलं कडवं संपलं असेल तेव्हा तिचा डावा हात हळूच वर आला आणि कानाजवळ थांबला.

"बासरी," ती म्हणाली. "इथे आहे."

नेरूरकरांनी मान हलवली. झाकण बसवायला घेतलं. हेडफोन तिच्या डोक्यावरच होता, गाणं चालूच होतं, तशातच त्यांनी तीन स्क्रू लावले. चौथा स्टीलच्या ताटलीत त्यांच्या समोरच पडलेला होता, पण तो त्यांना दिसेना. अनुपमाने तो उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.