कोरे निघालेले शेवटचे पान

मित्रांनो, माझ्या पोटात शाई नाही. लाकडी मूठ आणि लोखंडाचे टोक, एवढीच मी. मेकाँग नदीकाठच्या एका खेड्यात ताडपत्रांवर बुद्धवचने कोरणारी मी एक जुनी लेखणी आहे.

गावच्या लोहाराने मला घडवले आणि जुन्या पोथ्यांच्या नकला उतरवणाऱ्या पन्हासाक यांच्या हाती दिले. चाळीस वर्षे मी त्यांच्या बोटांत राहिले. मी पानावर नुसते चरे पाडते. कोरलेले काही दिसत नाही. सगळी पाने झाली, की तेलात कालवलेली काजळी चोळून पुसायची. मग चरे तेवढे काळे राहतात आणि अक्षरे उमटतात. हे पुसायचे काम त्यांची मुलगी बुआफान करी. पोथ्यांची ही धर्मलिपी मठात, मुलग्यांनाच शिकवत. पण पाने पुसता पुसता ती वाचायला शिकली होती.

तिची आई फेंग वारली. पितरांना अन्नदान करायच्या पौर्णिमेला तिच्या नावाने पोथी मठात द्यायचे पन्हासाकांनी ठरवले. अपुरी पोथी देत नाहीत. त्यांची नजर मंदावली होती, बोटे थरथरत होती.

“बाबा, आज पुरे करा ना.”

“पुरे काय पुरे! तुझी आई तिकडे वाट बघत असेल. उशीर झाला तर काय बोलेल, माहीत आहे ना?”

शेवटच्या पानावर माझे टोक घसरू लागले. मी बोथट झाले होते. मला कळत होते, सांगता येत नव्हते. ओळीमागून ओळ मी कोऱ्या पानावरून नुसती फिरत राहिले.

“झालं!” म्हणून त्यांनी मला खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

पौर्णिमेच्या सकाळी बुआफान काजळी घेऊन बसली. एकेक पान काळ्या अक्षरांनी भरत गेले. शेवटचे पान तिने पुसले. पुन्हा चोळले, पुन्हा पुसले. एकही अक्षर नाही. मठातला ढोल वाजू लागला होता.

तिने मला उचलले, टोकावर बोट फिरवले. मग सहाणेवर मला घासले, मूळ पोथी समोर उघडली, नवे पान घेतले आणि ओठ घट्ट मिटून कोरू लागली. चरे जरा वाकडे जात होते. पण या वेळी मी घसरले नाही; काजळी पुसताच पान अक्षरांनी भरले.

शेवटचे पान आपण कोरल्याचे बुआफानने मठात सांगितले, तशी शेजारची खामला मावशी कुजबुजली, “अगं, बाईच्या हातचं पान? पितरांना पोचायचं तरी का?”

पोथी चाळणारे मठातले भंते शेवटच्या पानाशी थांबले. बुआफानने मान खाली घातली. त्यांनी मोठ्याने वाचले, “आई फेंग आणि बाबा पन्हासाक यांच्यासाठी. अक्षर वाकडे आहे, हसू नये.”

खामला मावशीकडे पाहून ते म्हणाले, “पोचेल, मावशी. हिच्या बापाच्या पोथ्या पोचल्याच ना? त्यानंही प्रत्येक पोथीच्या शेवटी हेच लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, हसू नये.”

आणि पोथी त्यांनी कापडात बांधायला घेतली.

आता मी बुआफानच्या हाती असते. ती आधी माझ्या टोकावर बोट फिरवते, मगच पान घेते. मित्रांनो, तुमच्या घरीही वर्षानुवर्षे राबणारे कुणी असेल. ते बोलणार नाही. तुम्हीच अधूनमधून बोट फिरवून पाहा.