प्रोटॉनवर तीन पाळ्या

“मरत का नाही हा एकदाचा?”

यांच्या गालांना साबण, हातात वस्तरा, आणि बोलणं आरशाशी चाललेलं. मी हातभर अंतरावर मेथी निवडत बसले होते. बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर हे म्हाताऱ्या वडिलांबद्दल चाललंय असं समजून आमच्या घरचं पाणी सोडलं असतं. पण आमच्या घरात ज्याच्या मरणाकडे डोळे लागले होते, तो प्रोटॉन.

माझे मिस्टर, दिनानाथ, विद्यापीठात फिजिक्सचे रीडर. कणांच्या सिद्धांताचे. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. कागद, खडू आणि शांतता लागते. पहिल्या दोन गोष्टी विद्यापीठ द्यायचं, तिसरी मी. अवघं जग ज्या प्रोटॉनवर उभं आहे तोसुद्धा कधी ना कधी मोडतो, असा यांचा सिद्धांत. किती वर्षांनी, तेही यांनी गणिताने काढलेलं. परदेशात कुठल्याशा खाणीत प्रचंड टाकी पाण्याने भरून लोक अंधारात वाट बघत बसले होते. एखादा प्रोटॉन मेला की पाण्यात निळसर चमक उठणार.

चमक काही उठेना. दर खेपेला तिकडून ‘नाही’ आलं की हे प्रोटॉनचं आयुष्य थोडं वाढवून द्यायचे आणि त्यावर नवा पेपर लिहायचे. या आयुष्यवाढीवरच हे लेक्चररचे रीडर झाले. स्नेहलतागंजातल्या आमच्या शेजारीण भानुमतीबाई नळावर विचारायच्या, “मेला का हो?” मी म्हणायचे, “नाही अजून.” “देव सोडवो बिचाऱ्याला,” म्हणून त्या बादली उचलायच्या.

पेपर टाइप करायचं काम माझं. मॅट्रिकला शाळा सुटली होती, पण टाइप करता करता वाचायची खोड लागली आणि वाचता वाचता कळायलाही लागलं. मूल वाढतं तशी फ्रॉकची दुमड सोडत जावी आणि एक दिवस सोडायला दुमडच उरू नये, तसं शेवटच्या पेपरात झालं होतं. आता आयुष्य वाढवलं तर सिद्धांतच फाटणार. हे मला कळलं होतं, विभागाच्या हेडसाहेबांना कळलं होतं, एम. एस्सी.च्या पोरांनाही कळलं होतं. यांना मात्र कोणी सांगत नव्हतं. इतक्या भल्या माणसाला सांगायचं तरी कसं?

शिवाय आमच्या घराला न सांगण्याची सवयच होती. माझे सासरे गजाननराव, म्हणजे नाना, कापडाच्या मिलमध्ये बुनाई खात्यात जॉबर, मागांवरच्या माणसांचे मुकादम. मिल बंद पडून बराच काळ लोटला, तरी नाना रोज डबा घेऊन गेटवर जायचे. तिथे त्यांच्यासारखे आणखी जमायचे, एकमेकांची हजेरी घ्यायचे आणि लिंबाखाली बसायचे. “नाना, डबा कशाला?” असं विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. मी निमूट पोळ्या भरून द्यायचे.

त्या साली सरकारने सगळ्यांनाच आपापल्या पायांवर उभं राहायला सांगितलं, त्यात फिजिक्सही आलं. हेडसाहेब रघुवीरजी घरी आले.

“दिनानाथजी, कोणता विषय ठेवायचा ते ठरवायला कमिटी येतेय. त्यात जयेशजी आहेत, सांवेर रोडचे सोयातेलवाले. बात ऐसी है, विभागातली तुमची खोली मोठी आहे. कंप्यूटर डिप्लोमा काढायचाय, एसी लावायचाय. तुमच्या विषयात काही हालचाल आहे एवढं दाखवा, बस. नाहीतर डिप्लोमाचे कोऑर्डिनेटर तुम्ही.”

“हालचाल म्हणजे?” यांचा आवाज बारीक झाला. वीस-बावीस वर्षांचा विषय आणि ती खोली, याखेरीज यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

“म्हणजे... कुछ प्रोडक्शन टाइप का.”

विषय मेलाय हे सांगायला आलेले रघुवीरजी शेवेच्या दोन बश्या संपवून, चहाची तारीफ करून निघून गेले.

नाना दाराआडून ऐकत होते. “दिनू, ती टाकी कशी असते रे तुझी?”

“मोठी. जमिनीखाली, काळोखात.”

“आमच्या रंगाई खात्याखाली हौद आहे. भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. विहिरीचं पाणी सोडता येतं, चौकीदार आपलाच, आणि माणसं रिकामी. चमक डोळ्यांनी दिसते का?”

माणसाच्या डोळ्याचं ते काम नव्हे, हे यांना पक्कं ठाऊक. पण वडील इतक्या उमेदीने विचारत होते.

“तत्त्वतः... दिसायला हरकत नाही.”

“म्हणजे दिसते,” नाना म्हणाले आणि कामाच्या शर्टासाठी इस्त्री शोधायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून प्रोटॉनवर तीन पाळ्या लागल्या. भोंग्याची वायर कोणी तरी नेली होती, म्हणून सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यातली गंगूबाई पाळी बदलताना तोंडाने भोंगा द्यायची. पार अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत ऐकू जात असेल. माणसं दाढी करून यायला लागली. हौदाच्या कडेला ओळीने बसून पाण्याकडे बघायची.

सुरुवातीला काहीच झालं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. पाळी सुटताना जॉबरला उत्पादन सांगायचं, ही मिलची रीत. ‘आज काही नाही’ असं सांगून आजवर कोणी गेट ओलांडलं नव्हतं. दुसऱ्या पाळीच्या रामभाऊंनी जाता जाता सांगितलं, “एक गया, नाना.”

पहिल्या पाळीवाल्यांचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन मेले.

“सोते हो क्या रे पहली पाली वाले? आमचे चार.”

“भिया, आमचा बडावाला था!”

“प्रोटॉन सगळे एकाच मापाचे असतात रे,” गंगूबाई म्हणाली. तिला मीच सांगितलं होतं.

“मग आमचा दोनदा मेला.”

नाना रोज संध्याकाळी हे आकडे यांच्यापुढे ठेवायचे. हे नुसतं “बरं” म्हणायचे. पण एकदा कागदावर गणित मांडलेलं मी पाहिलं. हौदातले सगळे मृत्यू खरे धरले, तर यांचा अगदी पहिला, जगाने खोडून काढलेला पेपर खरा ठरत होता. त्या रविवारी यांनी माळ्यावरून तो पेपर काढला, धोतराच्या फडक्याने पुसला आणि गुणगुणत अंघोळीला गेले. लग्नानंतर मी यांना पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. मला बोलायला हवं होतं. मी पुरण घातलं.

हौदाची बातमी विद्यापीठात पोचली होतीच; कमिटी थेट मिलमध्येच आली. जयेशजी नाकाला रुमाल लावून तळघराच्या पायऱ्या उतरले. टाइप करायला लागेल म्हणून मीही होते.

“कितने मरे?”

“औसत बढ़िया है, साहब,” रामभाऊ म्हणाले.

“और आदमी लगाएं तो?”

“बढ़ जाएगा. रातपाळीला माणसं कमी पडतात.”

“वा!” जयेशजी रघुवीरजींकडे वळले. “ये तो चलता हुआ काम है. खोली इनके पास रहने दो.”

रघुवीरजींचा चेहरा असा झाला, जसा जावई पसंत पडल्यावर होतो. “इंडस्ट्री के साथ कोलैबोरेशन! दिनानाथजी, फक्त तुम्ही एकदा सांगा की हे प्रोटॉनच आहेत. तुमच्या सहीने जाईल.”

सगळे यांच्याकडे बघायला लागले. हौदाभोवतीची माणसं उठून उभी राहिली, शर्टाची बटणं लावून, मालक फेरीवर यायचे तेव्हा राहायची तशी. हे ‘नाही’ म्हणाले तर उद्या या माणसांनी दाढी कशासाठी करायची? आणि ‘हो’ म्हणाले तर खोली राहत होती, विषय राहत होता, तो पहिला पेपरही राहत होता. फक्त हे राहिले नसते. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

“असं आहे की...” यांनी सुरुवात केली.

“थांब, दिनू.” नाना पुढे आले. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी शाळेत सोडताना ठेवत असतील तसा. “खोटी सही नको करूस. इथे काही चमकलं नाही. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून आम्ही सांगत होतो.”

“नाना!” रामभाऊ कळवळून म्हणाले.

“सांगू दे रे.” नाना सगळ्यांकडे बघून, पण यांच्याशीच बोलले. “मिल आता सुरू होणार नाही. आणि बाळा, तुझा तो प्रोटॉन मरणार नाही.”