पाचशे मील

लास पाल्मासला निघालेल्या आमच्या विमानाने स्कॉटलंड नुकतंच मागे टाकलं होतं, तेव्हा बाबांच्या मांडीवरचं प्राणवायूचं यंत्र वाजू लागलं. बॅटरी संपत आली होती.

"दुसरी काढा, बाबा."

"हीच दुसरी."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी पिशवी उघडली. लोकरीचे मोजे, तपकिरी चीज, पत्त्यांचा जोड. बॅटरी नव्हती. विमानात चार्जिंगची सोयही नव्हती.

"दोनच घेतल्या? लास पाल्मास अजून चार तास लांब आहे!"

"यंत्र भाड्याने देणारी बाईच म्हणाली, दोन म्हणजे चिकार. इंग्रज होती. फोनवर काय गोड बोलली!"

"प्रवास किती तासांचा, ते नाही विचारलं तिने?"

"विचारलं की. म्हटलं, तासबीस मला ठाऊक नाही, बाई. आयुष्यभर मासळीचा ट्रक हाकलाय, अंतर विचार. त्रोम्सोपासून सरळ रेषेत पाचशे मील."

घोटाळा माझ्या लक्षात आला. आम्हा नॉर्वेकरांचा मील म्हणजे दहा किलोमीटर. त्या बाईने ऐकला असणार तिचा मैल. आमचे पाच हजार किलोमीटर तिच्याकडे आठशे झाले होते, साडेसहा तासांचे दीड.

"बाबा, तिच्या हिशेबाने आपण केव्हाच उतरलोय."

मग त्यांना कळलं. "च्यायला," एवढंच म्हणाले.

हवाई सेविका यूरून धावत आली. "आमच्याकडे सिलिंडर आहेत, पण तासभर पुरतील. कॅप्टन आयर्लंडमध्ये उतरवू शकतील."

"काही उतरवायचं नाही," बाबा म्हणाले. "इतकी माणसं सुट्टीला निघालीत. मी पुरवून पुरवून वापरतो." आणि त्यांनी यंत्र बंद करून नाकातली नळीच काढली.

मी नळी परत लावायला गेले, तर त्यांनी माझा हात अडवला. त्यांच्या बोटावरच्या चिमट्यात रक्तातल्या प्राणवायूचा आकडा उतरताना दिसत होता. अठ्ठ्याऐंशी. त्र्याऐंशी. ओठ निळसर पडले.

"आर्नफिन!" मी ओरडले. बापाला मी कधी नावाने हाक मारली नव्हती. "हात खाली!"

ते इतके दचकले, की त्यांनी मुकाट्याने नळी लावू दिली. मी यंत्र सुरू केलं.

मागच्या रांगेतला फुलाफुलांच्या शर्टातला माणूस उठला. "उतरवा हो! तिथलं ऊन काय पळून जातंय?"

"उतरवा," मी यूरूनला म्हटलं.

विमान वळलं. बाबांनी डोळे मिटले. यंत्र बंद पडलं, तसा यूरूनने सिलिंडरचा मास्क त्यांच्या तोंडावर धरला.

आयर्लंडमध्ये चाकं टेकली. दार उघडताच रुग्णवाहिकेतले दोघे मोठा सिलिंडर घेऊन आत आले. आकडा नव्वदवर गेला, मग ब्याण्णववर.

मला उठायचं होतं, पण हात इतके कापत होते की पट्टा सुटेना. बाबांनी वाकून तो सोडवला.